टर्बो पेट्रोल गाडीला हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व बसवला तर आवाजाबरोबर पॉवरही वाढते का?

नाही वाढत. (टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो; रेस सोडल्यावर कोंडलेली ती हवा सोडणारी झडप म्हणजे हा व्हॉल्व.) ऐकीव सांगत नाही, स्वतःच्या गाडीवर पैसे घालून शिकलोय.

माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस होती, १.८ टर्बो, १५० पीएसची. २०११ साली मामेभावाने डोक्यात घेतलं की हिला व्हॉल्व बसवायचाच. "टर्बो मोकळा होतो, दहा-बारा बीएचपी कुठं जात नाही." चिंचवडच्या एका गॅरेजवाल्याने तासाभरात मूळचा व्हॉल्व काढून नवा लावला आणि इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेकडे, परत जाणाऱ्या होजच्या जागी बूच मारलं. गिअर बदलला की फस्स्! चार दिवस मीही खूश होतो.

पाचव्या दिवशी आईला आणि बायकोला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना एका वळणावर रेस सोडली, क्लच दाबला, आणि आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड, मागे भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न थांबेना. कशीबशी गाडी कडेला घेतली. घाट संपेपर्यंत आणखी दोनदा तेच झालं. आईने पुढच्या सीटची पाठ धरून ठेवली होती, साताऱ्यापर्यंत सोडली नाही.

तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला कोरडी काजळी, बोट लावलं की मखमलीसारखी उतरणारी. म्हणाले, "मोजलेली हवा बाहेर कशाला टाकता?"

सगळं त्या एका वाक्यात आलं. या गाडीत मॅफ सेन्सर टर्बोच्या आधी आत येणारी हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. रेस सोडली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद होतो, टर्बो मात्र फिरतच असतो. मध्ये कोंडलेली हवा मूळचा व्हॉल्व टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. ती तुम्ही बाहेर फेकली की पेट्रोल तेवढंच येतं आणि हवा नसते. मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, गाडी बंद पडते, आणि असंच चालवत राहिलात तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो.

जुना व्हॉल्व डिकीत होता. अर्ध्या तासात परत बसला आणि गाडी जागेवर आली. नंतर एकाच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० ची वेळ मोजली. नवा व्हॉल्व असताना काढलेल्या व्हिडिओतही सहा सेकंदांच्या आसपास, जुन्यावरही तेवढीच. व्हॉल्व उघडतो रेस सोडल्यावर, मग रेस दाबताना पॉवर देणार कुठून?

आता, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीला हा त्रास फारसा होत नाही, हे खरं. रिमॅप करून (ईसीयूची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलं असेल आणि जुन्या व्हॉल्वचा रबरी पडदा फाटला असेल तर धातूच्या पिस्टनचा जरूर घ्या, पण हवा परत इनटेकला देणाराच. हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वची स्प्रिंग फार मऊ असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तो उघडा राहून न मोजलेली हवा आत ओढतो. डिझेलला याची गरजच नाही. आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका.

मामेभाऊ अजूनही प्रत्येक लग्नात सांगतो की व्हॉल्व चांगला होता, मलाच गाडी चालवता आली नाही. दादा, तू हे वाचत असशील तर तो प्लग मी जपून ठेवलाय. घरी ये आणि बोट लावून बघ.