टॅरिफच्या धसक्याने इंग्लंडला यायचं म्हणणाऱ्या ताईंना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर अंधेरीला सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांच्या कारखान्यात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, डिझाइन करतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयातशुल्क, लावल्यावर ऑर्डरी आटल्या, ओव्हरटाइम बंद झाला. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेल्यामुळे तिथलं गिऱ्हाईकही हात आखडून आहे. तुम्ही एका फर्ममध्ये अकाउंट्स बघता, डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगा सहावीत आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "तिकडे निदान स्थिरता तरी आहे ना?"

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लाइक करून पुढे गेले असते.

व्हिसाचे प्रकार, फॉर्म, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी उगाळत नाही. दोनच आकडे सांगते, कारण एजंट ते शेवटी सांगतात. नोकरीवर येणाऱ्याच्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी जुलै 2025 पासून सहसा वर्षाला 41,700 पौंड पगार लागतो, आणि काम पदवीच्या पातळीचं हवं. दुसरा आकडा आरोग्य अधिभाराचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबरच भरायच्या रकमेचा. मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलाला 776, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकदम. तुम्ही तिघं, पाच वर्षं, म्हणजे 14,230 पौंड. रुपयांत सोळा लाखांच्या वर, आणि हे विमानाचं तिकीट काढण्याआधी. "पैसे भरा, स्पॉन्सरशिप आम्ही मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. स्पॉन्सरशिप म्हणजे व्हिसासाठी इथल्या मालकाने द्यायची हमी, ती विकणं बेकायदा आहे, आणि गोत्यात येतो तो विकत घेणारा.

आता स्थिरता. माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर आमच्या घरात 'पर्मनंट' या शब्दावर कुणाचा विश्वास उरला नाही. तरी इथे आल्यावर मलाही वाटलं होतं की गोऱ्यांच्या देशात सगळं आखीवरेखीव असणार. मग 2022 उजाडलं. ऑक्टोबरात महागाई 11.1 टक्क्यांवर गेली. आमच्या ओट्याशेजारी वीज-गॅसच्या मीटरचा छोटा डिस्प्ले आहे. खर्च कमी तर हिरवा, मग पिवळा, मग लाल. त्या हिवाळ्यात डाळीचा कुकर लावला की नवरा शिट्ट्या मोजायचा आणि मी तो दिवा बघायचे. हीटिंग संध्याकाळी तासभर, बाकी वेळ स्वेटरवर स्वेटर. घराच्या कर्जाचं त्याहून वाईट. इथे व्याजदर दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो. आम्ही घर घेतलं तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचा दर 0.1 टक्का होता. आमची दोन वर्षं संपली ऑगस्ट 2023 मध्ये, नेमका तो 5.25 झाला तेव्हा. हप्ता महिन्याला साडेतीनशे पौंडांनी वाढला आणि पगार होता तिथेच. तुमच्याकडे निदान फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, 6.5 वरून 5.5 वर आणला. बँकेने तो तुमच्या हप्त्यात खरंच उतरवलाय का ते जाऊन विचारा. आपण विचारत नाही तोवर बँका गप्प बसतात, तिथेही आणि इथेही.

धंद्यांचं सांगायचं तर मी एका बेकरीची पगारपत्रकं करते, वीसेक माणसं आहेत. एप्रिल 2025 पासून पगारावर मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, 13.8 वरून 15 टक्के झाला आणि तो लागू व्हायची वार्षिक पगाराची मर्यादा 9,100 वरून 5,000 पौंडांवर आली. 2025 च्या किमान वेतनावर पूर्ण वेळ काम करणाऱ्याचे वर्षाला साधारण 24,000 होतात. त्याच्यामागे मालकाचे आधी 2,056 जायचे, आता 2,850 जातात. लहान धंद्यांची सूट 5,000 ची 10,500 केली खरी, पण वीस माणसं धरली तर बोजा वर्षाला दहा हजारांनी वाढलाच. मालक वाईट नाही. त्याने सँडविच महाग केलं आणि शनिवारची पाळी बंद केली. ती पाळी एका गोवेकर बाईंची होती. तिची नवी पगाराची स्लिप मीच काढली आणि मीच तिच्या हातात दिली. तुमच्या मिस्टरांचा ओव्हरटाइम ज्याने काढला असेल, त्याच्या टेबलावरही असाच एखादा कागद असणार.

फरक एवढाच की मिस्टरांची नोकरी गेली तर ते डोंबिवलीतच राहतील. इथे नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलाची शाळा अर्धी असो, घराचा करार चालू असो. सरकारी मदतीवर हक्क नाही. कायमच्या वास्तव्यासाठी आमच्या वेळी पाच वर्षं होती, ती दहा करायचा विचार सरकारने मे 2025 मध्ये मांडला. म्हणजे दहा वर्षं साहेबासमोर आवाज चढवायचा नाही. आमच्या पाच वर्षांत नवऱ्याने पगारवाढ मागितली नाही. मी त्याला भित्रा म्हणायचे.

आणखी एक गंमत. 24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात आपल्या दागिन्यांवरचं इथलं शुल्क काढायचं ठरलंय. माल बिनबोभाट येईल आणि माल काढणारा माणूस 41,700 च्या उंबऱ्यावर अडेल. अमेरिकेची जागा हे गिऱ्हाईक भरून काढणार नाही, पण मिस्टरांनी मालकाला इकडच्या बाजाराचं विचारून बघावं. हॉलमार्किंग, डिझाइनची आवड, सगळं वेगळं आहे. तुमचं स्वतःचं कामही उलट्या दिशेने चाललंय. आमच्या बेकरीच्या अकाउंटंटने वर्षअखेरचं काम अहमदाबादला द्यायला सुरुवात केली. इथल्या पेरोलचे आणि व्हॅटचे नियम शिकलात तर डोंबिवलीत बसून इथलं काम मिळण्याची शक्यता इथे येऊन मिळण्यापेक्षा जास्त वाटते मला.

शाळेबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, मला मात्र एका ओळीत सांगता येत नाही. लेक मराठी शाळेतून आली, गणितात वर्गात पहिली-दुसरी. इथे वय बघून सातवीत घातली, जानेवारीत, भर वर्षात. गणिताचे वर्ग हुशारीप्रमाणे पाडतात. हिला सगळ्यात खालच्या गटात टाकलं, कारण चाचणीतली शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत होती. अपूर्णांक ती झोपेत सोडवायची. मी भेटायला गेले, ईमेल लिहिले. प्रत्येक वेळी गोड हसून एकच उत्तर, "छान रुळतेय ती." कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. खालच्या गटात राहिलं की जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या इथल्या परीक्षेला, गणिताचा फाउंडेशनचा सोपा पेपर मिळतो, आणि त्यात 9 पैकी 5 च्या वर ग्रेडच नसते. पुढे गणित घ्यायचं तर ती चालत नाही. हे आम्हाला कळलं नववीत, तेही दुसऱ्या एका आईकडून, बसस्टॉपवर. लेक आता नर्सिंग करतेय, मजेत आहे, मला म्हणते, "आई, सोड ना आता." मी सोडलेलं नाही. तुम्ही आलातच तर पहिल्या आठवड्यात विचारा, गट कोणता, पेपर कोणता, बदलतात कधी. लेखी विचारा.

एकटेपणा. वाटतो. मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, ढोलताशासुद्धा आहे. पुढे.

कागदपत्रांत नावाची काळजी घ्या. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग मी, मग वडील. पासपोर्टवर मी, मग नवरा, मग सासरचं आडनाव. ही दोन्ही एकच बाई आहे हे पटवायला लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र. लेकीच्या जन्मदाखल्यावर नुसतंच 'बेबी'. त्या दुरुस्तीसाठी कचेरीत ज्या खिडकीवर पाठवायचे, तिथला माणूस जेवायला गेलेला असायचा, आणि तो कधी जेवून आलेला मी पाहिला नाही.

एक गोष्ट मी इथे कुणाला बोलले नाही. दीर वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे, 160 चौरस फुटांच्या खोलीत. आम्ही निघालो तेव्हा "सुटले बिचारे" असं सगळे आमच्याबद्दल म्हणाले. ऑगस्ट 2025 मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, 500 चौरस फूट, त्यात ते होते. जाऊबाईंनी नव्या ओट्याचा व्हिडिओ पाठवला, नळ सोडून दाखवला. मी बदामाचे इमोजी पाठवले आणि मग संध्याकाळभर सगळ्यांवर खेकसत राहिले. हेवा वाटला, दुसरं काय. आमच्या कर्जाची अजून बरीच वर्षं बाकी आहेत. तिकडे मात्र मीच श्रीमंत. सप्टेंबर 2022 मध्ये पौंड 90 रुपयांच्या खाली गेला होता, आता 115 च्या वर आहे. मी पाठवते तेवढेच पाठवते, तिकडे ते जास्त दिसतात आणि माझं कौतुक होतं.

परत जाईन का? नाही. का नाही, ते मला नीट सांगता येत नाही. लेक इथे आहे हे एक कारण. शिवाय परत गेले तर सगळ्यांसमोर हिशेब मांडावा लागेल.

तर ताई, टॅरिफला घाबरून येऊ नका, तो सहा महिन्यांत बदलूही शकतो, तुमचा व्हिसा तसा बदलणार नाही. हातात नेमकी नोकरी असेल, पगार त्या आकड्याच्या बराच वर असेल आणि मुलाची नववी सुरू व्हायला अवकाश असेल, तर या. नाहीतर तूर्त मिस्टरांना तिथेच दुसरे कारखाने चाचपू द्या. फॉर्म भरायचं ठरलंच तर तिघांच्या पासपोर्टवर आणि दाखल्यांवर नावं कशी छापली आहेत तेवढं लिहून पाठवा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.