पीपीटीवर शिकवलं तर मुलांना खरंच जास्त समजतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.च्या सराव पाठात पीपीटी नसेल तर मार्गदर्शक गुण कापतात, आणि तुम्हाला फळ्यावर जास्त मोकळं वाटतं. पीपीटीने जास्त समजतं याला संशोधनाचा आधार आहे का, हा तुमचा प्रश्न.

नुसत्या पीपीटीला नाही. तोच भाग पीपीटी वापरून आणि न वापरता शिकवून पाहिलेल्या 48 अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2018 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या शिकण्यात सरासरी फरक निघाला नाही. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने तर 1983 मध्येच लिहून ठेवलं होतं की किराणा माल कोणत्या ट्रकमधून आला यावर आपलं पोषण ठरत नाही, तसंच माध्यमाचं. त्यावर रॉबर्ट कोझमा या दुसऱ्या संशोधकाने आक्षेप घेतला, मोठा वाद झाला. मला क्लार्क थोडे टोकाचे वाटतात. ट्रक उघडा असेल तर भाजी वाळतेच की!

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात प्रोजेक्टर आला तेव्हा हौसेने अख्खे धडे स्लाइडवर उतरवले आणि ते वाचून दाखवायला लागलो. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, काय रंगलाय तास! चाचणीचे पेपर तपासताना कळलं, पोरं नुसती उतरवून घेत होती. नंतर तर तेही बंद झालं, "सर, व्हॉट्सॲपवर टाका" सुरू झालं.

माझं काय चुकत होतं ते रिचर्ड मेयर यांचं काम वाचल्यावर समजलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले हे मानसशास्त्रज्ञ. 2001 च्या एका प्रयोगात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वीज कशी पडते याचं ॲनिमेशन विद्यार्थ्यांना दाखवलं. काहींना चित्र आणि आवाज, तर काहींना चित्र, आवाज आणि खाली तेच शब्द लिहिलेले. लिहिलेलं जास्त मिळालेल्यांना विषय कमी समजला. डोळ्यांनी चित्र बघायचं की वाचायचं? त्यात ऐकलेलं आणि वाचलेलं जुळवत बसण्यात शक्ती जाते ती वेगळीच. विजेबद्दलच्या गमतीदार पण अवांतर गोष्टी घातल्या तेव्हाही समज घटली. म्हणजे पाठ रंजक व्हावा म्हणून टाकलेलं ते नाचणारं कार्टून काढून टाका.

पण इथे आपल्याकडे एक मेख आहे. ऐकू येणारी भाषा सवयीची नसेल तर पडद्यावरचे शब्द उपयोगी पडतात, असं मेयरही मानतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला येते आणि कालपर्यंतचं त्वरण एकदम ॲक्सलरेशन होतं, संवेगाचं मोमेंटम होतं. मी तोंडाने भराभर म्हटलेला शब्द तिला नीट ऐकूही आलेला नसतो, स्पेलिंग तर दूरच. (सेमीवाल्यांना हा त्रास कमी.) अशा वेळी तेवढा एकच शब्द आकृतीत जागच्या जागी लिहावा. अख्खं वाक्य नको. मेयर यांच्या 2008 च्या प्रयोगातही चित्राशेजारच्या अशा दोन-तीन शब्दांनी मदतच झाली होती.

फळ्यावर मोकळं वाटतं म्हणालात, तर तुमच्या बाजूचाही पुरावा आहे. फिओरेला आणि मेयर यांनी 2016 मध्ये डॉप्लर परिणाम (गाडी जवळ येताना आणि लांब जाताना हॉर्नचा सूर बदलतो तो) दोन तऱ्हांनी शिकवून पाहिला: एकदा तयार आकृती दाखवून, एकदा शिक्षक बोलता बोलता ती काढताना दाखवून. ज्यांना विषयाची आधी फारशी ओळख नव्हती त्यांना काढताना बघण्याचा फायदा झाला. हे मला अजिबात नवल वाटलं नाही. किरणाकृती फळ्यावर काढताना माझा हात भिंगापाशी थांबतो, आणि नेमकी तिथेच मुलं मान वर करतात.

बुलेट पॉइंटांबद्दल मात्र सावध राहा. कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान 1 फेब्रुवारी 2003 ला कोसळलं. यान अवकाशात असतानाच, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून निसटलेला फोमचा तुकडा यानावर आदळून किती नुकसान झालं असेल याच्या स्लाइड अभियंत्यांनी नासाला दाखवल्या होत्या. त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं. तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या 640 पट आहे हे दाखवणारे आकडे पार तळाच्या ओळीत. चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडवर माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टे यांची टीका सविस्तर घेतली आहे.

तर पाठ टाचणात शैक्षणिक साधनांच्या रकान्यात बिनधास्त पीपीटी लिहा, गुण घ्या. चार-पाच स्लाइड पुरेत: फळ्यावर काढताच येणार नाही असं काहीतरी, एखादा फोटो, एखादं ॲनिमेशन. आकृती मात्र खडूनेच काढा. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. हे बटण मला कळेपर्यंत माझी सात-आठ वर्षं गेली होती.