फर्मचा इतिहास इमारतींपासून लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आजोबांनी कोल्हापुरात उभ्या केलेल्या बांधकाम फर्मचा इतिहास लिहायला घेतलास, हे फार चांगलं केलंस. फक्त तो माणसांपासून सुरू करू नकोस, इमारतींपासून कर. सत्काराचे फोटो कुणीही जमवील. शिवाजी पेठेतल्या घराच्या कॉलमात कोणती सळई आहे, राजारामपुरीतल्या अपार्टमेंटचा पाया किती फुटांवर मुरमाला टेकलाय, हे तुमच्या घराशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक इमारतीला एक पान दे आणि आधी साल पक्कं कर. घरात सांगतात ते साल बहुधा वास्तुशांतीचं असतं. बांधकाम परवाना त्याच्या आधीचा, घरफाळ्याची पहिली आकारणी नंतरची. तिन्ही तारखा लिही. महापालिका 15 डिसेंबर 1972 ला झाली, त्याआधीचे परवाने नगरपालिकेचे. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं. त्यापूर्वीचे जागेचे कागद मोडीत निघाले तर अंदाजानं वाचू नकोस, जाणकाराकडून लिप्यंतर करून घे. पाचगाव-उचगावकडच्या कामांना ग्रामपंचायतीचा दाखला आणि बिगरशेतीचा आदेश, दोन्ही बघ.

सळईवरूनही काळ ताडता येतो. आधी साधी गोल, मग पीळ दिलेली टॉर, नंतर टीएमटी (गरम सळई पाण्यानं झटकन थंड करून केलेली). 1995 ची म्हणून सांगितलेल्या स्लॅबात मुख्य सळई साधी गोल निघाली तर सालावर शंका घे. मुख्य सळयांभोवतीच्या रिंगांवरून मात्र काही ठरवू नकोस, 6 एमएमच्या रिंगा पुढंही बरीच वर्षं साध्याच असायच्या.

खरा खजिना म्हणजे सिमेंट रजिस्टर आणि एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही. दोन्ही शेजारी उघडून बस. 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला ब्रासला, म्हणजे 100 घनफुटांना, 50 किलोची सुमारे 18 पोती लागतात, 1:1.5:3 ला सुमारे 23. म्हणजे 4 ब्रासच्या स्लॅबला 1:2:4 नं 72 पोती हवीत, आणि वाया जाणारं धरून रजिस्टरात त्याहून थोडी जास्तच दिसायला हवीत. 60 दिसली तर तीन शक्यता: एमबीत जाडी वाढवून लिहिलीय, पोती दुसऱ्या साइटवरून उसनी आलीत, किंवा माल खरंच कमी पडलाय. सिमेंटवरचं नियंत्रण 1982 ला अंशतः आणि 1989 ला पूर्ण उठलं. त्याआधी परमिटवर सिमेंट मिळायचं आणि साइटी-साइटींत उसनवारी चालायची. म्हणून त्याच आठवड्याचं दुसऱ्या साइटचं रजिस्टर बघितल्याशिवाय कुणावर ठपका ठेवू नकोस. माल कमी पडल्याची खात्री झाली तर ते पानावर स्पष्ट लिही, कारण ती इमारत आधी तपासावी लागेल.

कॉलमला 40 एमएम कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, हवं. जुन्या कामांत खडीचा तुकडा सारून 20 वर भागवलेलं सापडेल, आणि तिथंच सळई फुगून प्लास्टर उडतं. दुरुस्तीसाठी कोपरा फोडलाच असेल तर ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली असेल तिथं गुलाबी होणारं रसायन) मार. गुलाबी झालं तिथं काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आला नाही तिथवर कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटची अल्कली संपवलीय. ती खोली एमएममध्ये नोंदव.

पुराची नोंद तर हवीच. पेपरात येणारी 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 ची धोका पातळी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची आहे, तुमच्या जोत्यावरची नव्हे. 2005, 2019 आणि 2021 चं पाणी भिंतीवर कुठवर चढलं ती खूण रहिवाशांना विचार आणि जोत्यापासून लेव्हल लावून मोज. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, जयंती नाल्याकाठची कामं आधी घे.

काय चुकलं तेही कारणासकट लिही. काळ्या मातीत पाया उथळ राहिला, माती पावसात फुगली, उन्हाळ्यात आकसली आणि भिंतीला तिरकी भेग गेली, असं सरळ लिही. घरातली मोठी माणसं इथं कचरतील. त्यांचं मन राख, पण नोंद गाळू नकोस. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानं बिल्डरला ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. जुन्या चुकांची कारणं हाताशी असली तर नव्या कामात त्या आधीच टाळता येतात.

भागीदारीच्या पानावर कोण कधी आलं, कधी निघालं ते लिही. निवृत्तीच्या कराराची तारीख आणि जाहीर नोटिशीची तारीख वेगवेगळी लिही. नोटीस दिलेली नसेल तर निघालेल्या भागीदाराची बाहेरच्यांपुढची जबाबदारी संपत नाही.

गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर यांना भेटशील तेव्हा "तो काळ कसा होता" असं विचारू नकोस. मुरूम किती फुटांवर लागला, पाणी उपसायला पंप किती दिवस चालला, स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या प्लेटा कितव्या दिवशी काढल्या, असं विचार. त्यातले बरेच जण आता थकलेत, म्हणून आधी त्यांच्याकडे जा. माळ्यावरची रजिस्टरं मात्र मृगाचा पाऊस लागायच्या आत खाली काढ, त्यांना वाळवी लागते.

कळावे.