तीन लाख किलोमीटर चाललेली पिकअप: किंमत किती सांगावी?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी २०१६ ची बोलेरो पिकअप आहे. नंबर डिचोलीचा, जीए-०४. बेळगावहून भाजी आणायचा धंदा होता, चोर्ला घाटातून आठवड्याला चार खेपा. मीटरवर ३,१२,००० किलोमीटर झाले आहेत. आता गुडघे साथ देत नाहीत आणि मुलाला यात रस नाही, म्हणून गाडी विकायची आहे. म्हापशाच्या एका व्यापाऱ्याने २,६०,००० सांगितले. मुलगा म्हणतो, साडेचार लाखांच्या खाली द्यायची नाही. माझ्या मेव्हण्याने दोन वर्षांपूर्वी अशीच गाडी ४,६०,००० ला विकली होती. मोबाईलवरच्या जाहिरातींत याच सालच्या पाच गाड्या सापडल्या: ४,७५,०००, ४,३०,०००, ४,१०,०००, ३,९०,००० आणि ३,६०,०००. ओळखीच्या गॅरेजवाल्याने क्लचचे १२,०००, मागच्या दोन टायरांचे १५,०००, हौद्याच्या तळाच्या पत्र्याचे १८,००० आणि पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ९,००० असा खर्च काढून दिला आहे. एक दलाल म्हणतो, "मीटर सव्वा लाखावर आणून देतो, लगेच गिऱ्हाईक मिळेल." बँकेचं कर्ज २०२१ मध्ये फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. काय करावं? (एक वाचक, साखळी)

उत्तर: भाऊ, पहिल्यांदा मीटरचं बोलते. त्याला हात लावू देऊ नका. त्या दलालाला पुन्हा घरीही बोलावू नका.

मीटर फिरवून गाडी विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवा. तुमच्या गाडीचे पेडल, स्टिअरिंगची घासलेली कड, ड्रायव्हरची बसकी सीट, दरवाजाची सैल बिजागरी हे सगळं तीन लाख सांगतंच. मीटरने सव्वा लाख सांगितले की घेणारा बाकी कशावरच विश्वास ठेवणार नाही, तुम्ही खरं सांगितलेल्या गोष्टींवरही नाही.

मी मेकॅनिक नव्हे. बारा वर्षं आमच्या घरच्या तीन पिकअप आणि दोन टिपरांचा हिशेब मी ठेवला. त्या वहीने मला शिकवलं की किलोमीटर एका जातीचे नसतात. आमची एक पिकअप पावाच्या आणि दुधाच्या लाईनवर होती, २,४०,००० चालली. दुसरी चिरे (बांधकामाचे दगड) वाहायची, जेमतेम ९०,००० चालली होती. विकायला काढली तेव्हा कमी चाललेल्या गाडीच्या चॅसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ (पाटा जिथे टांगलेला असतो तिथे) तडा निघाला. जास्तीचा पाटा घालून दुप्पट माल भरल्याचा तो परिणाम. पावाची गाडी आठ दिवसांत गेली, चिऱ्यांची चार महिने अंगणात राहिली. तुमची गाडी भाजीची आहे. इंजिन गरम झाल्यावर एका दमात लांब चाललेली गाडी आणि दिवसातून वीस वेळा चालू-बंद होणारी गाडी यांत फार फरक असतो. घाटामुळे क्लच आणि ब्रेक झिजतात हे खरं, पण ते बदलता येतात. चॅसिस बदलता येत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून चॅसिस पाण्याने धुवा, माती-चिखल पूर्ण निघू द्या आणि जोड, हँगर, वेल्डिंग यांचे दिवसाउजेडी फोटो काढा. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत गाडी वरून चकचकीत असते आणि खालून पोखरलेली. हे इथल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ठाऊक आहे. चॅसिसला नवा काळा रंग मात्र मारू नका. ताजा रंग दिसला की माणूस त्याखाली काय लपवलंय तेच शोधतो.

आता किंमत. मेव्हण्याचा आकडा विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्या गाडीची कर धरून किंमत १० लाख होती, तिचा कर उतरल्यावर हिशेब ९ लाख २२ हजारांच्या आसपास येतो. नव्या गाडीत ७८ हजार सुटतात म्हटल्यावर जुन्याला कालचा भाव कोण देईल? मुलाचा हट्ट मला समजतो. लहानपणापासून ज्या गाडीवर घर चाललेलं पाहिलं, तिची किंमत मनात मोठीच असते.

तुमच्या पाच जाहिरातींत मधला आकडा ४,१०,००० आहे. तो सांगितलेला भाव, मिळालेला नव्हे. त्या पाचही जणांना फोन करून "शेवटचं किती?" एवढंच विचारा. जाहिरात किती दिवसांची जुनी आहे तेही बघा. दोन महिने पडून असलेली ४,७५,००० ची गाडी एवढंच सांगते की त्या भावाला ती कुणी घेतलेली नाही. घासाघीस धरून मी ४,१०,००० चे ३,८०,००० करते. त्यातून गॅरेजवाल्याचे ५४,००० वजा करा: ३,२६,०००. माझ्या मते हा तुमच्या गाडीचा खरा भाव. जाहिरातीत ३,५५,००० लिहा, ३,२०,००० च्या खाली उतरू नका. फोनवर कुणी यापेक्षा वेगळे शेवटचे आकडे सांगितले तर माझा हिशेब त्याप्रमाणे बदला.

व्यापाऱ्याचे २,६०,००० ऐकून रागावू नका. तो गाडी दुरुस्त करणार, जागेवर ठेवणार आणि वर नफा काढणार. दहा-पंधरा अनोळखी माणसांना गाडी दाखवण्याचं त्राण तुमच्यात नसेल तर त्याला २,८०,००० पर्यंत चढवून मोकळं होणंही चूक नाही. पण आधी महिनाभर स्वतः प्रयत्न करा.

हे ५४,००० आधी खर्च करून गाडी विकावी का? सगळे नकोत. क्लच घसरत असेल तर तेवढा करून घ्या, कारण चढावर गाडी अडली की सौदा तिथेच मोडतो. टायर, पत्रा, पाटे राहू द्या आणि अंदाजाचा कागद गिऱ्हाईकाच्या हातात ठेवा. तो स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या पसंतीने करून घेईल. दिवे, हॉर्न, वायपर, ऑइलची गळती एवढं मात्र नीट करा. इंजिनचं काम विकण्यासाठी म्हणून कधीच काढू नका. ते पैसे परत येत नाहीत.

फिटनेस प्रमाणपत्राची तारीख बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेसची तपासणी) लागतं. मुदत संपत आली असेल तर करून घेऊन मगच जाहिरात द्या. घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी माल भरता आला पाहिजे.

गिऱ्हाईक कोण, याचाही विचार करा. बेळगावची लाईन करणारा तुमची गाडी घेणार नाही, घेतली तरी पाडून मागेल. ज्याला दिवसाला वीस-तीस किलोमीटर पुरतात तो शोधा: मंडपवाला, केटरिंगवाला, नर्सरी, फर्निचरचं दुकान, सत्तरी तालुक्यातला बागायतदार. त्याच्या हातात हीच गाडी पुष्कळ वर्षं चालेल. जाहिरात मी अशी लिहीन:

"बोलेरो पिकअप, २०१६, पहिला मालक, ३,१२,००० किमी (खरे). भाजीची लाईन, चिरे-रेती कधी भरली नाही. क्लच नवा. मागचे टायर, हौद्याचा तळ आणि पाटे यांचं काम आहे, अंदाज ४२,०००, लेखी दाखवू. सर्व्हिसची बिलं आहेत. किंमत ३,५५,०००. सकाळी थंड इंजिनवर चालू करून बघा."

क्लच केला म्हणून ४२,०००, नाही केला तर ५४,०००. शेवटचं वाक्य गाळू नका. माणूस आला की त्याला बॉनेटवर हात ठेवायला सांगा, मग स्टार्टर मारू द्या. तीन लाख चाललेलं डिझेल इंजिन थंड असताना एका दमात उठलं आणि निळा धूर आला नाही, तर त्यापुढे तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. आणि बिलं? नऊ-दहा वर्षांची डब्यात कोंबलेली असतील. एका संध्याकाळी मुलाला सोबत बसवा, तारखेप्रमाणे लावा, ऑइल कधी बदललं, टायर कधी, बॅटरी कधी, हे एका पानावर उतरवा. हे काम जरूर करा.

कागदांचं मी जरा सविस्तर सांगते, कारण यात आम्ही स्वतः पोळलो आहोत. २०११ मध्ये एक पिकअप आम्ही व्यापाऱ्याला दिली. त्याने फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे कागद) कोऱ्या सह्या घेतल्या, "गिऱ्हाईक मिळालं की नाव चढवतो" म्हणाला. दीड वर्षाने आमच्या दारात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडी दोन हात फिरली होती, विमा संपलेला होता आणि एका दुचाकीवाल्याचा पाय गेला होता. आरसीवर नाव आमचं. आम्ही कधी त्या गाडीला नंतर पाहिलंही नव्हतं, तरी भरपाईतला वाटा आम्हाला भरावा लागला. त्या दुचाकीवाल्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. पैसे गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं: नोंदणीत ज्याचं नाव, तो कायद्याने मालक, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो.

म्हणून कोरी सही नाही म्हणजे नाही. आधी बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा फॉर्म) घेऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेचं नाव, उतरवून घ्या. २०२१ चं कर्ज, पत्र घरात कुठेतरी असेलही, पण जुनं झालं असेल तर नवं मागावं लागेल. हे जाहिरातीच्या आधी करा, नाहीतर गिऱ्हाईक ठरल्यावर तुम्ही बँकेच्या फेऱ्या माराल आणि ते दुसरीकडे जाईल. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत वाहतूक कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा. चावी देताना तारीख आणि वेळ घातलेली पोचपावती घ्या, कारण त्या संध्याकाळी काही झालं तर वेळच विचारली जाते. व्यापाऱ्यालाच द्यायची ठरली, तर तो अधिकृत आहे का बघा. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी नियम आले आहेत. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये सरकारी पोर्टलवर गेली पाहिजे. ती त्याने तुमच्यासमोर भरावी. टाळाटाळ केली तर गाडी परत आणा.

पैसे बँकेतून घ्या. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घेता येत नाही, घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि समोरच्याच्या मोबाईलवरचा "पेमेंट झालं" हा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या खात्यात दिसू द्या, मग चावी.

वाट किती बघायची? सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा खनिज वाहणारे आमचे दोन्ही टिपर चांगल्या स्थितीत होते. गिऱ्हाईक आलं होतं. मीच म्हटलं, "थांबूया, चार-सहा महिन्यांत सुरू होईल." मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा त्यातला एक अजून अंगणातच होता, टायर बसलेले, हौद्यात तण उगवलेलं. शेवटी आम्ही तो भंगाराच्या भावाने दिला. साखळी-डिचोलीत तुम्ही असे टिपर दारोदारी पाहिले असतील. उभी गाडी रोज पैसे खाते: विमा, पासिंग, बॅटरी, रबर, गंज. तुमची गाडी आज चालती आहे. महिन्याभरात ३,२०,००० ला कुणी तयार नसेल, तर दहा हजार उतरा, पण पावसात अंगणात उभी करू नका.

प्रश्न: सावंतवाडीचा एकजण माझी छोटी मालवाहू गाडी घ्यायला तयार आहे. गोव्याबाहेर विकायला वेगळं काही लागतं का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: लागतं. ज्या कार्यालयात तुमची नोंदणी आहे तिथून फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र काढावं लागेल. त्याआधी कर आणि चलानं भरलेली हवीत, म्हणून ई-चलान पोर्टलवर स्वतःच्या गाडीचा नंबर घालून जुनी चलानं आजच तपासा. कळवण्याची मुदत परराज्यासाठी ४५ दिवसांची आहे. महाराष्ट्रातला कर कोण भरणार हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्या. बहुतेक भांडणं तिथेच होतात. आरसीवर एकूण वजन बघा: ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर असेल तर परमिटचा विषयही आधीच मिटवा. आणि "नाव मी नंतर सावकाश करतो, तोवर गोव्याच्याच नंबरवर चालवतो" असं तो म्हणाला, तर पत्रादेवीच्या सीमा नाक्यापलीकडे गाडी जाऊ देऊ नका.