न्यूयॉर्कमध्ये छतावर सोलर बसवण्यापूर्वी

न्यूयॉर्क राज्यातील स्वतःच्या घरावर सोलर पॅनेल बसवायचे असतील, तर कोटेशनमधील ‘करसवलत वजा जाता’ हा आकडा पाहून कृपया लगेच सही करू नका. राज्याची सवलत पात्र खर्चाच्या २५ टक्के, परंतु कमाल ५,००० डॉलर आहे. म्हणजे २४,००० डॉलरच्या यंत्रणेवर ६,००० नव्हे, ५,०००च धरावेत. ही रक्कम हातात रोख मिळत नाही. ती राज्याच्या आयकरातून वळती होते आणि उरलेली पुढील पाच वर्षांपर्यंत वापरता येते, त्यामुळे ज्यांचा राज्यकर मुळातच थोडा आहे त्यांनी आधी मागील वर्षाचे विवरणपत्र समोर घेऊन हिशेब मांडावा. कर्जाचे व्याज खर्चात धरता येत नाही, आणि घर तुमचे मुख्य निवासस्थान असावे लागते. केंद्र सरकारची ३० टक्के सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला लागू नाही; ती कोणी अजूनही दाखवत असेल, तर माझ्या मते त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाऊच नये. राज्याचा फॉर्म आयटी-२५५ भरण्यासाठी साहित्य व मजुरी स्वतंत्र दाखवणारे बिल मागून घ्या.