एका तासात काळी होते ती मेंदी नव्हेच

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात शनिवारी माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आहे, गंगापूर रोडला हॉल घेतलाय. शुक्रवारी सकाळी मेंदी आणि संध्याकाळी हळद असं ठरलंय. मेंदीवाली म्हणते वेळ कमी आहे तर काळी मेंदी लावू, तासाभरात एकदम डार्क होते. लावू का?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: नको गं, अजिबात नको. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, तो कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरतो आणि मग हवा लागून सावकाश गडद होत जातो. म्हणून मेंदी खरवडली की आधी केशरी दिसते, दुसऱ्या दिवशी तांबूस आणि साधारण ४८ तासांनी तिचा खरा गडद लालसर तपकिरी रंग येतो. हे कुणालाच घाईत करता येत नाही. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या डायमधलं केमिकल, पॅराफेनिलीनडायअमिन. युरोपात केसांच्या डायमध्येसुद्धा ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला तर परवानगीच नाही.

हे मी इतकं जीव तोडून सांगते कारण माझ्या भाचीच्या हातावर झालेलं मी पाहिलंय. एका जत्रेत तिने हौसेने काळी मेंदी काढून घेतली, त्या दिवशी काहीच झालं नाही, आठवड्याने जिथे जिथे नक्षी होती तिथे तिथे फोड आले, अगदी वेल आणि पानांच्या आकारात. डाग जायला कितीतरी महिने लागले. आणि एकदा पीपीडीची अ‍ॅलर्जी बसली की ती बहुतेक जन्मभर राहते, पुढे कधी केसांना डाय लावला तर डोकं, चेहरा, पापण्या सुजू शकतात. तिला आता डॉक्टरांनी डाय कायमचा बंद सांगितलाय. वय २३.

तर तुम्ही असं करा, मेंदी गुरुवारी दुपारी घ्या, जमलं तर बुधवारी रात्रीच. वॅक्सिंग करायचं असेल तर ते मेंदीच्या आधी. मेंदी ६-८ तास हातावर राहू द्या, वाळून पडायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने हलकं टिपा, निघाली की पाण्याने धुवायची नाही, बोथट सुरीने किंवा हाताने खरवडायची आणि पुढचे १२ तास तरी हाताला पाणी नाही. तव्यावर लवंगा टाकून त्या धुरावर हात धरतात तेही चालतं, उबेने रंग चढतो, फक्त अंतर ठेवून. कोन घेताना एक विचारा, फ्रिजमधला आहे का. नुसती मेंदी, लिंबू आणि निलगिरीचं तेल असलेला कोन बाहेर थोडेच दिवस टिकतो, महिनोन्‌महिने दुकानात उघड्यावर पडून असलेला कोन मी घेणार नाही. माझ्या आजीकडे सिन्नरला कुंपणालाच मेंदी होती, पाला पाट्यावर वाटायचा, त्यात कात आणि चहाचं पाणी, बस. आणि बहिणीला सांग, मेंदी जास्त रंगली की सासरी जास्त माया मिळते वगैरे जे बोलतात ना, त्याचं टेन्शन घेऊ नको म्हणावं, तळहाताची कातडी जाड असते म्हणून तिथे रंगते आणि दंडावर फिकी राहते, एवढंच आहे ते.

प्रश्न: ताई, मी पंचवटीत राहतो, वय १९. रंगपंचमीला दंडावर त्रिशूळाचा टॅटू पाहिजे, पर्मनंटला घरचे नाही म्हणतात. स्टिकरवाला लावून आपल्या नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारला तर टिकेल का?

उत्तर: नाही टिकणार. स्टिकरचा टॅटू कातडीच्या वर पातळ गोंदाने बसलेला असतो, त्याला कोरडी, तेल नसलेली कातडी लागते, आणि रहाडीत उतरायच्या आधी तर आपण सगळे अंगाला तेल चोपडतो. तेल आणि घासाघासी, दोन्हीने तो सुटतो. त्यापेक्षा तीन दिवस आधी साध्या मेंदीने त्रिशूळ काढून घे, रंग कातडीत मुरलेला असतो म्हणून रहाडीतून बाहेर आल्यावर वरचा रंग उतरला की नक्षी परत दिसेल, थोडी फिकी. दंडावर आठवडाभर धर. निळसर काळा पाहिजे तर जागुआ मिळतो, दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा फळाच्या रसाचा, पण खऱ्या जागुआलाही रंगायला दिवस-दीड दिवस लागतो आणि त्याचीही अ‍ॅलर्जी येऊ शकते, तेव्हा आधी ठिपकाभर लावून दोन-तीन दिवस बघ.

एक सुचवू? घरात आजी असेल तर तिच्या हातावरचं गोंदण नीट बघ, तुळशीवृंदावन, ठिपके, कुणाच्या मनगटावर नाव. फोटो काढून ठेव आणि तेच डिझाईन मेंदीने काढून घे. ती पिढी गेली की ती नक्षीही जाणार, आणि आजीला जो आनंद होईल तो तूच बघ.

प्रश्न: मी ५२ वर्षांची, तीस वर्षं टिकली लावते. आता टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. कोड आहे का? जागा बदलून लावू का?
(सातपूर)

उत्तर: अहो ताई, घाबरू नका पण टिकली आजपासून बंद, जागा बदलूनसुद्धा नाही. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं केमिकल असतं, ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतं, म्हणून नेमका टिकलीएवढाच डाग पडतो. लवकर थांबवलं तर पुष्कळांचा रंग परत येतो, पण काहींचा डाग पसरतो, त्यामुळे कोड आहे की नाही ते स्किनच्या डॉक्टरांनाच बघू द्या आणि याच आठवड्यात जा. डाग बरा होईपर्यंत कपाळ मोकळं ठेवा, कुणी काही बोललं तर बोलू द्या, तुमची कातडी आहे. नंतर डॉक्टर हो म्हणाले तर मेण लावून त्यावर कुंकू, आपल्या आयाबाया लावायच्या तसं. कुंकू हळदीचं घ्या, हळदीला चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते, त्यातूनच खरं कुंकू बनतं. एकदम भडक गुलाबी, बोटाला चार दिवस राहणारं असेल तर तो नुसता डाय.

प्रश्न: बाळाच्या बारशाला त्याच्या तळहातावर मेंदीचा ठिपका काढू का?

उत्तर: नाही, साध्या मेंदीचाही नाही. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशा बाळाला मेंदीने रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि तपासल्याशिवाय ते कळत नाही. नवं झबलं, टोपरं, झालं की.

प्रश्न: नाक टोचलेलं नाही, नऊवारीवर नथ कशी घालू?
(कॉलेज रोड)

उत्तर: दाबाची नथ घे, हलकी, छोट्या मोत्यांची. जड नथ दाबाने धरत नाही आणि नाक लाल होतं. तीन-चार दिवस आधी घरी थोडा वेळ घालून बघ, पुढच्या दोन-तीन दिवसांत खाज सुटली तर त्या धातूत निकेल असू शकतं, मग चांदीची बघ.