आत्येला स्तनाचा कॅन्सर होता; ऑनलाइन कॅल्क्युलेटर मला ‘धोका कमी’ म्हणतो, तो खरा मानू का?

तुम्ही लिहिलंय की वय ३७, डिचोलीला राहता, आत्येला ४२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला आणि ती उपचारांनंतर बरी आहे, वडिलांची आई ‘पोटाच्या कॅन्सरने’ गेली. आई ठणठणीत, सख्खी बहीण नाही. कॅल्क्युलेटरने पाच वर्षांचा धोका एक टक्क्याच्या खाली दाखवला आणि ओळखीचे डॉक्टर म्हणाले, वडिलांकडचं धरत नाहीत.

तो आकडा बाजूला ठेवा. वर्णनावरून ते गेल मॉडेल दिसतंय. ते वय विचारतं, पाळी कधी आली, पहिलं मूल कधी झालं, बायोप्सी किती झाल्या, आणि आई, बहीण किंवा मुलीला स्तनाचा कॅन्सर होता का. संपलं. आत्या किंवा आजी भरायला तिथे जागाच नाही, अंडाशयाचा कॅन्सरही विचारत नाहीत. म्हणजे ज्या दोन बायकांमुळे तुम्हाला काळजी वाटतेय, त्या हिशोबात आल्याच नाहीत.

आणि वडिलांकडचं धरतात, नक्की धरतात. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर घरात चालत येतो तो बऱ्याचदा बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतल्या दोषामुळे. बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए२ १३व्या. दोन्हींतला दोष बापाकडूनही तितक्याच सहज येतो, प्रत्येक अपत्याला पन्नास टक्के शक्यतेने. पुरुषाला अंडाशय नसतं आणि स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, त्यामुळे तो स्वतः धडधाकट राहून दोष पुढे देऊ शकतो. भाऊच भाऊ असलेल्या घरात तर हे एखादी पिढी दिसतही नाही.

मी फोंड्याला प्रॅक्टिस करते आणि अशा वेळी कॅनरिस्क हे सॉफ्टवेअर वापरते. केंब्रिज विद्यापीठाचं आहे, बोडिसिया नावाच्या मॉडेलवर चालतं, डॉक्टर-काउन्सेलर लोकांसाठी आहे. त्यात अख्खी वंशावळ काढता येते, दोन्ही बाजूंची. टायरर-क्युझिक या दुसऱ्या मॉडेलमध्येही आत्या आणि दोन्हीकडच्या आज्या येतात. सॉफ्टवेअर कुठलं यापेक्षा त्यात काय भरलं यावर जास्त अवलंबून असतं, आणि भरताना घोळ होतात ते ठरलेल्या जागी.

पहिली जागा ‘पोट’. तुमच्या आजीचं नेमकं काय होतं? कॅनरिस्क मुख्यतः स्तन, अंडाशय, प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाचे कॅन्सर मोजतं. आजीला जठराचा कॅन्सर असेल तर आकडा जवळपास हलणार नाही. पोटात पाणी भरून अंडाशयाचा असेल तर तो चांगलाच वर जाईल. आपल्याकडे दोन्हींना पोटाचाच म्हणतात. ‘पिशवी काढली’ याचंही तसंच. फक्त गर्भाशय काढलं की दोन्ही अंडाशयंही, हे विचारावंच लागतं.

दुसरी, निरोगी माणसं. लोक कॅन्सर झालेल्यांची नावं मोठ्या उत्साहाने सांगतात आणि सत्तरी ओलांडलेल्या दोन धडधाकट आत्या गाळतात. त्या गाळल्या की शक्यता फुगते. प्रत्येकाचं आजचं किंवा मृत्यूसमयीचं वय हवं. गोव्यात याची एक सोय आहे, पोर्तुगीज काळापासून जन्म-मृत्यूच्या नोंदी झाल्यात आणि जमिनीच्या इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांतल्या वाटणीसाठी, कुणीतरी ते दाखले काढलेले असतात. त्या काकांना गाठा. बाकीचं चवथीला मूळ घरी सगळे जमतात तेव्हा विचारा, पण पंगतीत नको. दुपारी एखाद्या काकूला बाजूला घ्या, तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट आत्येची फाइल. त्यात आयएचसी म्हणून गाठीच्या तपासणीचं एक पान असेल, ईआर, पीआर, हर-टू असे तीन शब्द आणि पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. त्याचा फोटो काढून आणा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर बीआरसीए१चा संशय वाढतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळे रकाने आहेत.

हे सगळं भरल्यावर दोन वेगळे आकडे मिळतात, ते एकमेकांत मिसळू नका. एक, तुमच्यात सदोष जनुक असण्याची शक्यता. दुसरा, पुढच्या आयुष्यात कॅन्सर होण्याची. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या नियमात पहिला आकडा १० टक्के किंवा जास्त असला की जनुकचाचणी देतात. दुसऱ्याकडे मी जरा सैल हाताने बघते, कारण मॉडेल मुख्यतः तिकडच्या कुटुंबांवर बांधलंय आणि भारतात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ब्रिटनपेक्षा बरंच कमी आहे. मात्र दोष खरोखर सापडला तर गोष्ट गंभीर आहे. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए१मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए२मध्ये ६९ टक्के निघाला, अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७.

आता चाचणी कुणाची? तुमची नको, आधी आत्येची. घरात दोष असेल तर तो तिच्यात सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिच्यात सापडला की तुमची तेवढीच एक जागा तपासायची, आणि मग तुमचा ‘नाही’ हा खरा ‘नाही’ असतो. तुम्हीच आधी केली आणि काही आलं नाही, तर तुम्ही सुटलात की घरातला दोष त्या चाचणीला दिसत नाही, हे कळायला मार्ग नाही. आत्या नको म्हणाली तर तिला सांगा की यात तिचाही फायदा आहे. दुसऱ्या स्तनावर आणि अंडाशयावर लक्ष ठेवता येतं, आणि पुढे वेळ आलीच तर ओलापॅरिबसारखं, बीआरसीए दोष असलेल्या कॅन्सरवरचं औषध देता येईल का हेही त्या रिपोर्टवरून ठरतं.

चाचणीआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला. इथे सोय झाली नाही तर मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये होते. रिपोर्टात ‘व्हीयूएस’ असं आलं तर त्याचा अर्थ बदल दिसला पण तो घातक आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. भारतीयांच्या रिपोर्टात हे बऱ्याचदा दिसतं, कारण जगातल्या जनुकसाठ्यांत आपली माणसं कमी आहेत. त्यावरून कुणी अंडाशय काढायचा सल्ला दिला तर सही करू नका, आधी दुसरं मत घ्या.